रात्रपाळीला त्याच्याशी कोण बोलते?

दिव्यांगांची निवासी संस्था पाहायला गेलेले पालक बहुधा तीन गोष्टी पाहून येतात : स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आणि गाद्या. अकरा वर्षांपूर्वी मीही तेच पाहिले. फरशी लख्ख होती, आमटीच्या फोडणीचा वास दारापर्यंत येत होता, गाद्यांना रेक्झिनची आवरणे होती आणि प्रवेशद्वारापाशी देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी होती. मी समाधानाने माझ्या भावाचा, दादाचा, प्रवेश-अर्ज भरून दिला. या घरात दादाशी बोलता येईल असे कोणी आहे का, हे विचारायचे मात्र मला सुचले नाही.

दादाला डाउन सिंड्रोम, म्हणजे बौद्धिक वाढ मंद ठेवणारा जन्मजात गुणसूत्रदोष, आहे आणि दोन्ही कानांनी त्याला फार कमी ऐकू येते. पहिली गोष्ट जन्मतःच कळली. दुसरी कळायला अकरा वर्षे लागली. हाक मारली तरी वळून पाहत नाही, सांगितलेले करत नाही, या सगळ्याला ‘त्याला समजत नाही’ हे एकच उत्तर तयार असल्यामुळे कानाकडे कोणाचे लक्षच गेले नाही. वास्तविक डाउन सिंड्रोम असलेल्यांमध्ये श्रवणदोष पुष्कळ आढळतो. कानाची नळी अरुंद असते, मळ लवकर साचतो, मधल्या कानात पाणी धरते. मुलाने काही उत्तर दिले नाही तरी, अगदी तो झोपलेला असतानाही, बेरा चाचणी करून त्याला ऐकू येते की नाही हे बरेचसे कळते. पण तशी सोय त्या काळी आमच्या तालुक्याच्या गावी नव्हती. निदान झाल्यावर कर्णबधिर विद्यालयाने ‘मुलगा मतिमंद आहे, आमच्याकडे निभणार नाही’ असे सांगितले, तर मतिमंद मुलांच्या शाळेने त्याला घेतले खरे, पण तिथल्या एकाही शिक्षकाला खुणा येत नव्हत्या. आपल्याकडच्या शाळा, वसतिगृहे, कार्यशाळा यांची वर्षानुवर्षे अशी प्रवर्गवार विभागणी झालेली आहे आणि दोन प्रवर्गांत मोडणारा माणूस कोणत्या तरी एकाच्या दारात उभा राहतो, तेव्हा त्याचे दुसरे अपंगत्व उंबऱ्याबाहेर राहते.

कायद्यात ही अडचण नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि एकाहून अधिक अपंगत्वे एकत्र असणे हाही त्यांत धरलेला आहे. ‘संवाद’ या शब्दाची व्याख्या करताना त्या कायद्याने खुणांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. नोंदणी प्रमाणपत्राशिवाय संस्था चालवता येत नाही. त्याआधीच्या, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातही बहुविकलांगता समाविष्ट आहे. आई-वडिलांनंतर कायदेशीर पालक नेमण्याचे काम त्याच कायद्याखालच्या स्थानिक स्तर समितीकडे असते आणि दादाची पालक म्हणून माझी नेमणूक तशीच झाली. महाराष्ट्राने तर २०२२ च्या डिसेंबरात दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभागच स्थापन केला. पण तपासणीला आलेले अधिकारी हजेरीपत्रक, धान्यसाठा, अग्निशमन नळकांडे आणि युडीआयडी कार्डांच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्रांच्या, प्रती पाहतात. रात्रपाळीच्या काळजीवाहकाला किती खुणा येतात, हे त्यांनी विचारलेले मी अकरा वर्षांत एकदाही ऐकलेले नाही.

संस्थेत कर्णयंत्राला सगळे ‘मशीन’ म्हणतात. एका वर्षी जूनमध्ये मी सहा सेलचे नवे पाकीट अधीक्षकांच्या हातात दिले होते. दिवसभर वापरले तर त्या आकाराचा सेल आठ-दहा दिवसांत संपतो. दिवाळीला दादाला घरी न्यायला गेले, तर पाकिटात पाच सेल जसेच्या तसे होते, त्यांच्यावरचे रंगीत कागदी शेपूटही निघालेले नव्हते. मशीन कार्यालयातल्या लोखंडी कपाटात, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, वर दादाचे नाव चिकटवून अगदी नीट ठेवलेले होते. ‘हरवू नये म्हणून’ असे मला सांगण्यात आले. अधिक चौकशी केल्यावर खरे कारण कळले. मोल्ड, म्हणजे मशीनचा कानात बसणारा साचा, जुना होऊन सैल झाला होता आणि मशीन सारखी शिट्टी मारत होते. दादाला ती शिट्टी ऐकू येत नव्हती, इतरांना ती सहन होत नव्हती. म्हणून मशीन काढले गेले आणि पालक सभेच्या रविवारी तेवढे कानात बसवले जाऊ लागले. नवा मोल्ड करायला एकदा कानाचे माप द्यावे लागते, एवढाच काय तो उपाय होता.

अर्थात मशीनने सगळे प्रश्न सुटतात, असा माझा समज नाही. दादाला त्यातून मोठा आवाज झाला एवढेच कळते, शब्द लागत नाहीत. त्याची भाषा हातांची आहे. तीही कुठल्या शब्दकोशात सापडणारी नाही. काही खुणा घरच्या, काही त्याने स्वतः घडवलेल्या. कपाळावर बोट टेकले की आई, मनगटावर दोन टिचक्या म्हणजे ‘किती वेळ?’, हनुवटीवर मूठ म्हणजे ‘नको’. शाळेच्या सल्ल्यावरून आम्ही अनेक वर्षे त्याला ओठांकडे पाहून बोलायला लावत होतो आणि हात केले की हातावर चापट बसायची. मी स्वतः त्याच्या खुणा मन लावून शिकले ते तिशी उलटल्यावर. संस्थेला बोल लावताना हे विसरून चालणार नाही.

मशीन कपाटात पडून होते त्याच वर्षी दादा स्वतःच्या गालावर थपडा मारू लागला. नोंदवहीत ‘आक्रमक वर्तन’ असा शेरा आला, मग ‘रात्री झोपत नाही’, मग ‘इतरांना त्रास’. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळीचे प्रमाण वाढवले आणि दादा दिवसभर पेंगू लागला. सहा आठवड्यांनी स्वयंपाकाच्या मावशींनी मला फोन केला : ‘ताई, तुमचा दादा भाकरी आमटीत बुडवून गिळतो, उजव्या बाजूनं चावतच नाही.’ उजवीकडची दाढ मुळापर्यंत किडलेली निघाली. दाढ काढल्यावर तिसऱ्या दिवशी थपडा थांबल्या. गोळी कमी व्हायला मात्र आणखी चार महिने गेले, कारण ती कमी करायला सांगणारा शेरा नोंदवहीत कोणी लिहीतच नव्हते. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाचे प्रत्येक दुखणे त्याच्या ‘वर्तना’च्या खात्यावर मांडले जाते आणि त्यातून तो बहिरा असेल, तर खाते तपासून घ्यायचीही त्याला सोय राहत नाही.

काळजीवाहक मावशी-दादांना मी दोष देत नाही. बारा-बारा तासांची पाळी, तुटपुंजे मानधन, एका वेळी सांभाळायला कित्येक माणसे आणि प्रशिक्षणाच्या नावाने एखादे व्याख्यान, अशा स्थितीत दुखणाऱ्या दाढेवर बोट ठेवणाऱ्या त्या मावशी पगारपत्रकावर काळजीवाहक म्हणून नव्हत्याच, हे मला फार बोलके वाटते. खुणांची भाषा येणे ही पात्रता ज्या पदाला हवी ते पदच मंजूर नसेल, तर अधीक्षक तरी माणूस कुठून आणणार? मान्य. परंतु असलेल्या माणसांना चाळीस खुणा शिकवायला शासन निर्णय लागत नाही.

भाषा ही सोय असण्याआधी संरक्षण असते. पनवेलजवळ कळंबोली येथील एका बालगृहातल्या मतिमंद आणि मूकबधिर मुलींवरचे अत्याचार २०११ साली उघडकीस आले आणि २०१३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने दोषींना शिक्षा सुनावली. ज्यांचे सांगणे समोरच्याला कळणारच नाही अशी खात्री असते, त्यांच्याबाबतीत गुन्हेगाराला कुलपाचीही गरज पडत नाही. याच्या दुसऱ्या टोकाला अमरावती जिल्ह्यातले वझ्झर आहे. तिथे शंकरबाबा पापळकरांनी बेवारस मतिमंद आणि मूकबधिर मुलांना स्वतःचे आडनाव दिले, अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून त्यांना बाहेर काढू नका, त्यांच्या आजीवन पुनर्वसनाचा कायदा करा, अशी मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मला वझ्झरचे महत्त्व वाटते ते त्यागापेक्षा मुक्कामासाठी. एकच माणूस वर्षानुवर्षे तिथे असतो, म्हणून त्याला प्रत्येकाचे हात कळतात. आपल्या संस्थांमध्ये काळजीवाहक आठ महिन्यांत नोकरी सोडतो आणि दादासारख्यांची भाषा त्याच्याबरोबर निघून जाते.

यावर आम्ही काढलेला तोडगा अगदी घरगुती आहे. स्वयंपाकाच्या मावशी आणि मी मिळून एक वही केली. दादा खूण करताना काढलेला फोटो, खाली ठळक अक्षरांत अर्थ आणि मग काय करायचे ते. ३८ फोटो झाले. पाने प्लास्टिकमध्ये घालून वही स्वयंपाकघराच्या दारामागे टांगली आहे. आता तिथल्या आणखी चौघांच्या घरच्यांनी अशा वह्या केल्या आहेत. नवा माणूस कामावर आला की पहिल्या दिवशी त्याने तासभर त्या वह्या घेऊन बसायचे, एवढे अधीक्षकांनी मान्य केले.

मागच्या श्रावणात रात्री साडेअकराला रात्रपाळीच्या नव्या मुलाने व्हिडिओ कॉल केला. ‘ताई, हे उशीवर हात आपटतात आणि मग डोळ्यांपुढे बोटं नाचवतात. वहीत नाही.’ मलाही आधी उमगेना. मग त्याने दादाच्या हातात फोन दिला, तेव्हा पडद्याच्या उजेडात दादाचा चेहरा दिसला आणि मागची सगळी खोली काळी मिट्ट. संस्थेत नऊ वाजता सगळे दिवे मालवतात. ऐकू येणाऱ्या माणसाला अंधारातही कोणी कुशीवर वळल्याचे कळते, दाराशी पाऊल वाजल्याचे कळते; दादाला दिवा गेला की कोणाचे हातही दिसत नाहीत आणि त्याचेही कोणाला दिसत नाहीत.

त्या मुलाने दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पैशाने झीरोचा बल्ब आणून लावला. ३९ वा फोटो त्यानेच काढला. पुढच्या पालक सभेत विजेच्या बिलाचा विषय निघाला, तेव्हा त्या बल्बाचे वर्षाचे पैसे मी तिथेच भरून पावती घेतली.