सहा मिनिटांचे व्हिडिओ आणि पाच स्टार: झाला कोर्स यशस्वी?

शिक्षकांच्या आणि ट्रेनरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. ऑनलाइन कोर्स यशस्वी करायचाय? मग व्हिडिओ सहा मिनिटांच्या आत ठेवा, किती टक्के लोक कोर्स पूर्ण करतात ते बघा आणि शेवटी विद्यार्थ्यांकडून पाच स्टार मिळवा. बस्स.

सहा मिनिटांचा आकडा हवेतला नाही. २०१४ मध्ये संशोधक फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या चार कोर्सेसमधल्या व्हिडिओ पाहण्याच्या ६९ लाख नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असो, निम्मे लोक सहा मिनिटांच्या आतच उठतात, असं दिसलं. पण मोजलं काय, तर बघणं. किती शिकले ते नाही. सहाचाच आकडा हवा असेल तर केनेथ कोडिंगर यांचा २०१५ चा अभ्यास घ्या: मानसशास्त्राच्या एका ऑनलाइन कोर्समध्ये जास्तीचा सराव करण्याचा फायदा जास्तीचं बघण्या-वाचण्याच्या सहापटीहून अधिक निघाला. म्हणजे व्हिडिओला कात्री लावण्याआधी त्यानंतर विद्यार्थी काय करणार, ते ठरवायला हवं.

एक्सेलच्या कोर्सचंच बघा. ‘पिव्होट टेबल कशासाठी वापरतात?’ आणि खाली चार पर्याय, हा प्रश्न व्हिडिओ न बघताही सुटतो. त्याऐवजी विक्रीची एक गचाळ फाइल द्या, ज्यात ‘पुणे’ तीन तऱ्हांनी लिहिलंय आणि काही तारखा मजकूर म्हणून पडल्यात. मग विचारा, मार्चमध्ये पुण्यात किती विक्री झाली? आधी ही फाइल तयार करायची, मग ती सोडवायला लागेल तेवढंच शिकवायचं. व्हिडिओ चार मिनिटांचा होईल नाहीतर अकरा. होऊ दे.

आता टक्केवारी. एमआयटीच्या २०१२ च्या सर्किट्सच्या ऑनलाइन कोर्सला सुमारे १ लाख ५५ हजार जणांनी नाव घातलं, प्रमाणपत्र मिळालं ७,१५७ जणांना. पाच टक्केही नाहीत! पण यातले डोकावायला आलेले किती आणि शिकायला आलेले किती? एमआयटी आणि हार्वर्डच्या एडएक्स कोर्सेसमध्ये २०१७-१८ साली एकूण नोंदणीतले जेमतेम ३ टक्के लोक शेवटापर्यंत पोचले. पैसे भरलेल्यांत हेच प्रमाण ४६ टक्के होतं. भागाकार कशाने करता, यावर सगळं आलं. शिवाय टक्केवारी वाढवणं सोपं असतं, प्रश्न सोपे केले की झालं. ऑफिसातल्या सक्तीच्या ट्रेनिंगला शंभर टक्के ‘कम्प्लीशन’ असतं आणि व्हिडिओ बाजूच्या टॅबमध्ये आवाज बंद करून चाललेला असतो.

एनपीटेल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सेसच्या उपक्रमाची पद्धत मला म्हणूनच पटते. शिकणं फुकट, परीक्षेला मात्र फी भरून केंद्रावर जावं लागतं. असाइनमेंटला २५ गुण, परीक्षेला ७५, आणि प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये १० व परीक्षेत ३० असे दोन्हीकडे वेगवेगळे लागतात. असाइनमेंटची उत्तरं यूट्यूबवर सर्रास सापडतात, तिथे परीक्षेच्या या वेगळ्या अटीचं मोल कळतं.

स्टारबद्दल थोडक्यात. हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांत (ऑनलाइन नव्हे, प्रत्यक्ष) केलेला प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतः गणितं सोडवत शिकलेल्यांना चाचणीत जास्त गुण मिळाले, पण आपण कमी शिकलो असं त्यांनाच वाटत होतं. आवाज खरखरतोय का, सूचना कळतात का, हे विचारायला फीडबॅक फॉर्म उत्तम. कोर्स उपयोगी पडला का, ते बघायचं असेल तर दोन महिन्यांनी तसलीच एक गचाळ फाइल त्याच लोकांना पाठवा.