आधी विचारा, मग खणा

पुण्यातल्या भावंडांशी आणि शाळेतल्या मैत्रिणींशी बोलताना गेली काही वर्षं एक मत सारखं कानावर पडत होतं : नगरसेवक नसल्यानं काही अडत नाही, प्रशासकच बरा. पुणे महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि निवडणूक झाली ती जानेवारी 2026 मध्ये. मधली जवळपास चार वर्षं शहराच्या तिजोरीपाशी लोकांनी निवडून दिलेलं कुणीही नव्हतं. तरी नळाला पाणी येत होतं, घंटागाडी येत होती आणि अनेकांना तेवढं पुरेसं वाटत होतं. आता माननीय परत आले, तर सूर पालटलाय : निवडून दिलेत ना, मग सोसायट्यांचे महासंघ आणि मोहल्ला समित्या मध्ये कशाला? मी न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये, जॅक्सन हाइट्सला राहते. इथलं जे पाहिलंय त्यावरून मला ही दोन्ही मतं घातक वाटतात.

न्यूयॉर्कचे 59 भाग पाडलेले आहेत आणि प्रत्येक भागाला एक कम्युनिटी बोर्ड आहे. जास्तीत जास्त 50 सभासद, सगळे बिनपगारी. नेमणूक बरोचा, म्हणजे क्वीन्ससारख्या शहराच्या मोठ्या विभागाचा, अध्यक्ष करतो, निम्मी नावं त्या भागातले नगरसेवक सुचवतात. सोळा वर्षांची मुलंही सभासद होऊ शकतात. बोर्डाकडे विकासकामांचा पैसा नाही आणि त्याचा ठराव कुणावर बंधनकारकही नाही. तरीही त्याला वजन आहे, कारण शहराच्या सनदेनं त्याला विचारणं सक्तीचं केलं आहे. एखाद्या जागेचं झोनिंग, म्हणजे तिथं काय आणि किती बांधता येईल याचे नियम, बदलायचे तर प्रस्ताव बोर्डाकडे येतो. जाहीर सुनावणी घेऊन मत द्यायला 60 दिवस मिळतात. नवा बार काढणाऱ्यालाही परवान्याचा अर्ज करण्याआधी बोर्डाला 30 दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. बोर्डाचं म्हणणं पुढे डावललं जाऊ शकतं आणि जातंही. पण तोवर शेजाऱ्यापाजाऱ्यांना सगळं कळलेलं असतं.

आमच्याकडचा 34 वा अव्हेन्यू हा रस्ता घ्या. मे 2020 मध्ये, करोनानं या भागाची दैना केलेली असताना, 26 ब्लॉकचा, सुमारे दोन किलोमीटरचा पट्टा दिवसा मोटारींसाठी बंद झाला. इथं बागांचा तुटवडा फार, त्यामुळे मुलं सायकली घेऊन रस्त्यावर आली, म्हातारी माणसं खुर्च्या टाकून बसली. ही सोय कायमची करायची म्हटल्यावर मात्र जबर वाद झाला. पार्किंगचं काय, रुग्णवाहिका कशी येणार, माझ्या आईला दारात कोण सोडणार, हे प्रश्न खोटे नव्हते. वाहतूक खात्याच्या लोकांना नकाशे घेऊन रहिवाशांपुढे यावं लागलं. पुढच्या आराखड्यात शाळांसमोर मोकळे चौक आले. विरोध आजही आहे. पण विरोध करणाऱ्याला आपलं म्हणणं कुठं मांडायचं हे ठाऊक होतं.

आपल्याकडे हरकती-सूचनांची जाहिरात वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येते आणि बहुतेकांना ती मुदत संपल्यावर कळते. मग वेताळ टेकडीसाठी, तिच्यावरून आखलेल्या बालभारती–पौड फाटा रस्त्याविरोधात, लोकांना मोर्चा काढावा लागतो. त्या मोर्चाबद्दल मला आदरच आहे. पण शहराशी बोलायला दर वेळी मोर्चाच काढावा लागावा, ही काही चांगली व्यवस्था नव्हे.

सुरुवात करण्यात पुणेकर मागे असतात असं मी मुळीच म्हणणार नाही. अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवण्याची पद्धत पुण्यानं 2006 मध्ये सुरू केली. न्यूयॉर्कला ती सुचली 2011 मध्ये, आणि तीही फक्त चार नगरसेवकांच्या प्रभागांत! फरक पुढे पडला. इथं आधी वस्तीत सभा होतात, मग स्वयंसेवक महिनोन्‌महिने खात्यांशी बोलून कामांचे प्रस्ताव पक्के करतात आणि शेवटी मतदान होतं. अकरा वर्षांच्या मुलापासून कुणीही मत देऊ शकतं, नागरिकत्वाची अट नाही. पुण्यात क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरायचा आणि वाट पाहायची. कामं म्हणजे बाक, पदपथाची दुरुस्ती, नामफलक. अर्ज का नाकारला हे शेजाऱ्यांसमोर उभं राहून कुणी सांगत नाही. शेजाऱ्यांनी एकत्र बसून ठरवण्याचा भागच त्यातून गळून पडला आहे.

तरी इथल्या सगळ्यावर माझा जीव जडलेला नाही. क्वीन्समध्ये कम्युनिटी बोर्डांखेरीज वस्त्यावस्त्यांच्या सिव्हिक असोसिएशन, म्हणजे रहिवाशांच्या संघटना, आहेत. त्या झाडं लावतात, पोलिसांना सभेला बोलावतात, तुंबलेल्या गटाराचा पाठपुरावा करतात. बहुतेक ठिकाणी त्या चालवतात ती स्वतःच्या घराची मालक असलेली मंडळी. जास्त घरं बांधता यावीत म्हणून शहरानं आखलेली योजना डिसेंबर 2024 मध्ये 31 विरुद्ध 20 मतांनी मंजूर झाली, तेव्हा क्वीन्समधल्या अशा अनेक संघटना विरोधात उभ्या होत्या. कारण नेहमीचंच : गर्दी वाढेल, वस्तीचं रूप बदलेल. सप्टेंबर 2021 मध्ये आयडा वादळाच्या पावसात या शहरात 13 माणसं गेली, त्यांतली 11 तळघरातल्या घरांत, आणि बहुतेक क्वीन्समध्ये. परवडणारं घर मिळत नाही म्हणून माणसं तळघरात राहतात. भाडेकरूंचा आवाज या सभांत फारच क्षीण असतो. अडवणुकीला कंटाळूनच नोव्हेंबर 2025 च्या मतदानात न्यूयॉर्ककरांनी काही गृहप्रकल्पांसाठी मंजुरीची प्रक्रिया आखूड केली. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

पुण्यात सोसायट्यांच्या महासंघांना वजन मिळावं असं म्हणणाऱ्यांनी हे नीट पाहावं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं मेली. जून 2021 मध्ये दांडेकर पुलाजवळच्या आंबिल ओढा वस्तीवर जेसीबी चालले, बायका रस्त्यावर आल्या आणि अखेर न्यायालयानं कारवाई थांबवली. तिथल्या लोकांचा कुठल्या महासंघात समावेश आहे? सोसायटीच्या सभासदत्वावर उभं राहिलेलं मंडळ ओढ्याकाठच्या माणसाच्या वतीनं बोलू शकत नाही, आणि खरं तर भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या वतीनंही नाही.

यावर तोडगा आपल्याच कायद्यात आहे. 74 वी घटनादुरुस्ती 1993 पासून लागू आहे. तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या हव्यात असं ती सांगते. महाराष्ट्राच्या कायद्यात या समित्यांवर सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेण्याची सोय आहे. 2009 मध्ये राज्यानं त्यात क्षेत्रसभेची भर घातली. तिचा आधार मतदान केंद्राची हद्द. म्हणजे बंगलेवाला, भाडेकरू, वस्तीतली धुणीभांडी करणारी बाई, मतदार यादीत असलेले सगळे तिचे हक्काचे सभासद. न्यूयॉर्कच्या सिव्हिक असोसिएशनपेक्षा ही कल्पना कितीतरी न्याय्य आहे. इतकी वर्षं ती कागदावर पडून राहिली, याचा मला मनापासून राग येतो.

नव्या नगरसेवकांकडे मी पूल मागत नाही आणि सुशोभीकरण तर नाहीच नाही. वर्षभराच्या क्षेत्रसभांच्या तारखा आत्ताच जाहीर करा. रस्ता खणण्याआधी, ओढ्याला भिंत घालण्याआधी, टेकडीला हात लावण्याआधी नकाशा त्या सभेपुढे ठेवा, आणि जी सूचना नाकाराल तिचं कारण लेखी द्या. सभा महापालिकेच्या शाळेत, रात्री साडेआठनंतर घ्या, म्हणजे चार घरची कामं उरकून आलेल्या बाईलाही येता येईल.