जनुक बियाण्यात आहे, म्हणून बोंडात विष असेलच असं नाही

खरीप जवळ आला की जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या शेतकरी ग्रुपवर एक मेसेज फिरतो. तो बीटी कापसाबद्दल असतो, म्हणजे ज्या कापसाच्या बियाण्यात बोंडअळी मारणाऱ्या विषाचं जिवाणूतलं जनुक घातलेलं असतं त्याबद्दल. त्याचं सार असं: बीटीचं जनुक एकदा बियाण्यात घातलं की झाड शेवटपर्यंत सारखंच विष तयार करतं. त्या विषाचा आरएनए सरकीच्या ढेपेतून दुधात उतरतो आणि लेकरांची जनुकं बदलतो. आणि बोंडात अळी निघाली, म्हणजे बी बोगसच. तिन्ही दावे चुकीचे आहेत. पहिल्यावर विश्वास ठेवून बसलेल्या माणसाची तर फवारणीची वेळच हुकते, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर.

जनुक स्वतः विष बनवत नाही. पेशी त्याची नक्कल काढते, तिला संदेशवाहक आरएनए म्हणतात, आणि त्या नकलेवरून प्रथिन तयार होतं. शेततळ्यात पाणी किती, हे येतं किती यावर जसं ठरतं तसंच झिरपतं किती यावरही ठरतं. नकलांचं तसंच आहे. कुठली नक्कल किती वेळ जगू द्यायची, हे पेशीतले प्रथिनांचे गट ठरवतात. नकलेच्या एका टोकाला टोपी असते, दुसऱ्या टोकाला अ‍ॅडेनिन या एकाच अक्षराची लांब शेपटी. सीसीआर४-नॉट नावाचा गट ही शेपटी कुरतडत आखूड करतो. त्यातलं नॉट१ हे मोठं प्रथिन बाकीच्यांना आधार देतं, आणि कुरतडण्याचं काम सीसीआर४ आणि कॅफ१ करतात. शेपटी संपत आली की डीसीपी१-डीसीपी२ ही जोडी टोपी काढते, मग एक्सआरएन४ हे विकर (एन्झाइम) त्या टोकाकडून आरएनए खाऊन टाकतं. उलट्या टोकाकडून एक्सोझोम नावाचा गट तेच करतो. यीस्टमध्ये, माणसात आणि कापसात ही यंत्रणा थोड्याफार फरकाने सारखीच आहे. यूपीएफ१ हे प्रथिन तर मजकूर मध्येच तुटलेल्या नकला हेरतं आणि त्यांना लवकर नष्ट करायला लावतं. त्यामुळे एकाच झाडात काही नकला काही मिनिटांत संपतात, काही दिवसभर टिकतात.

बीटीच्या बाबतीत हा नुसता पुस्तकी मुद्दा नाही. जिवाणूतलं मूळ जनुक जसंच्या तसं झाडात घातलं, तेव्हा विष जवळपास तयारच होईना. त्या जनुकात अ‍ॅडेनिन (ए) आणि थायमिन (टी) ही अक्षरं फार, त्यामुळे नक्कल अस्थिर करणारे एटीटीटीए असे तुकडे आणि नक्कल अवेळी तोडणाऱ्या खुणा त्यात पडलेल्या होत्या. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या कामात संशोधकांनी हे तुकडे बदलले. प्रथिन जवळपास तेच राहिलं, पण त्याचं प्रमाण शंभर पटींपर्यंत वाढलं. जनुक आधीही झाडात होतंच, तरी अळी मरत नव्हती. ‘जनुक आहे म्हणजे विष आहे’ याला यापेक्षा स्पष्ट उत्तर मला माहीत नाही.

सुधारलेलं जनुकही सगळीकडे सारखं काम करत नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००५ साली क्राय१एसी या प्रथिनाची, म्हणजे बीटीच्या विषाची, मोजणी प्रसिद्ध केली. पानांत ते भरपूर, फुलातल्या बीजांडकोशात आणि बोंडाच्या सालीत सगळ्यात कमी, म्हणजे अळी जिथे शिरते नेमकं तिथेच. लावणीनंतर साधारण ११० दिवसांनी ते अमेरिकन बोंडअळीला मारायला लागणाऱ्या पातळीखाली गेलं होतं. यावल-चोपड्याकडे २० मेच्या आसपास ठिबकवर लावलेल्या पूर्वहंगामी कापसाचे ११० दिवस सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच भरतात, म्हणजे तिथून पुढे नुसत्या बियाण्यावर भिस्त ठेवून चालत नाही.

दुधाचा दावा लवकर संपतो. भाकरी, भरीत, मेथीची भाजी, सगळ्यात आरएनए असतोच आणि आपण तो रोज पचवतो. गायीची तर खासियतच आहे. कोठीपोटातल्या जिवाणूंचा ढीगभर आरएनए पचवायला तिच्या स्वादुपिंडात रायबोन्युक्लिएज हे आरएनए तोडणारं विकर मुबलक तयार होतं. आणि संदेशवाहक आरएनए आपणहून जनुकांत शिरत नाही. त्यासाठी आधी त्याचा डीएनए करणारं विकर लागतं, मग तो गुणसूत्रात जोडणारं दुसरं. बीटीच्या नकलेत यातलं काहीच नाही. सरकीत जपून राहण्यासारखं आहे ते गॉसिपॉल हे तिच्यातलं नैसर्गिक विषारी द्रव्य. ते बिगर-बीटी देशी सरकीतही असतं, म्हणून लहान वासरांना ढेप घालताना हात आखडता ठेवावा.

राहिला बोगस बियाण्याचा दावा. बोगस बी विकलं जातं, त्यात शेतकरी नागवला जातो, आणि तो राग रास्त आहे. पण अस्सल बियाण्याच्या बोंडातही गुलाबी बोंडअळी निघते, कारण ती स्वतः बदलली आहे. क्राय१एसी अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन या प्रथिनाला चिकटतं. भारतातल्या प्रतिकारक गुलाबी बोंडअळ्यांवरचा एक अभ्यास २०१४ साली आला. त्यात कॅडहेरिनच्या जनुकाची आठ नवी बिघडलेली रूपं सापडली आणि त्यांच्या १९ वेगवेगळ्या नकला. प्रत्येक नकलेत एक तर मजकूर मध्येच थांबवणारी खूण होती, किंवा निदान ९९ अक्षरांचा तुकडा गायब होता, किंवा दोन्ही. विषाला चिकटायला धड जागाच उरली नाही, तर पाकिटातलं बी कितीही खरं असून काय होणार? २००६ पासून दोन जनुकांचं बीटी आलं, तरी २०१७ साली महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने किती नुकसान केलं ते आपण पाहिलंच आहे.

तेव्हा बियाण्याची पावती, रिकामी पिशवी आणि लेबल जपून ठेवा. संशय असेल तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे अर्ज करा, पण निकालाची वाट बघत पीक सोडू नका. पात्या (फुलकळ्या) लागल्या की नर पतंगांना वासाने ओढणारे कामगंध सापळे लावा, डोमकळ्या (अळी शिरल्याने न उमलता मिटून राहिलेली फुलं) दिसतील तिथे तोडून नष्ट करा, दर आठवड्याला थोडी हिरवी बोंडं फोडून बघा. आणि पाणी उरलं म्हणून फरदड घेऊ नका, म्हणजे वेचणी संपल्यावर तेच पीक पुढे राखू नका. डिसेंबरनंतर उभ्या राहिलेल्या त्या पऱ्हाटीतच पुढच्या वर्षीची अळी मुक्काम करते.