औशातल्या दादाला आलेला मातीच्या घराचा मेसेज

'पूर्वजांच्या मातीच्या घराला एसी लागत नाही, ते भूकंपात पडत नाही, शेणाच्या सारवणाने मोबाइलचं रेडिएशन अडतं. आता जगातले आर्किटेक्ट सिमेंट सोडून हेच बांधतात, आफ्रिकेतल्या एकाला त्याबद्दल नोबेल मिळालं.' महिनाभर फिरतोय हा मेसेज. मी सोडून दिला होता. परवा मावसभावाने तोच मला पाठवला, खाली लिहिलं होतं: 'गवंड्याला सांगितलंय, दारं-खिडक्यांवरची लिंटेलची पट्टी नको. दगड-मातीतच करू, जुन्यासारखं.'

दादा औसा तालुक्यात राहतो. किल्लारी त्याच तालुक्यात आहे!

म्हणून भूकंपाचं आधी. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे जवळजवळ १० हजार माणसं गेली, ती बहुतेक दगड-मातीच्या घरांखालीच. ती भिंत कशी असायची ते आपल्या भागात सगळ्यांनी पाहिलंय. बाहेरून एक दगडी थर, आतून एक, मधे माती आणि खडी. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, त्यावर गळू नये म्हणून पावसाळ्याआधी दरवर्षी आणखी माती. पिढ्यान्‌पिढ्या हे ओझं वाढत गेलं. जमीन हलली तेव्हा भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. काही घरांत लाकडी खांब आणि तुळया तशाच उभ्या राहिल्या, भिंती तेवढ्या ढासळल्या. जुन्या घरातून शिकायचंच असेल तर हे शिका.

त्याच वर्षीचं भारतीय मानक आहे, आयएस १३८२८, खास अशाच कमी ताकदीच्या बांधकामासाठी. दगडी भिंतीची जाडी ४५० मिलिमीटरच्या वर नको. उंचीच्या दर ६०० मिलिमीटरला आरपार दगड हवेत, आडवं अंतर १.२ मीटरपेक्षा जास्त नको. शिवाय लिंटेलच्या पातळीवर सगळ्या भिंतींना बांधणारी सलग पट्टी. दादा गवंड्याला नको म्हणाला ती हीच पट्टी.

कच्छचे भुंगे, म्हणजे तिथली मातीची पारंपरिक घरं, २००१च्या भूकंपात बरेच टिकले, हे मान्य. पण भुंगा गोल असतो आणि त्याचं छप्पर हलकं असतं. आपलं घर चौकोनी आणि डोक्यावर मातीचा डोंगर. माती दोन्हीकडे आहे म्हणून दोन्ही घरं सारखी होत नाहीत.

गारव्याचं अर्धं खरं आहे. जाड भिंतीतून दुपारची झळ आत पोचायला संध्याकाळ होते, हे मीही अनुभवलंय. पण त्यासाठी रात्री खिडक्या उघड्या हव्यात. चहूबाजूंनी बंद खोली मातीची असली तरी कोंदटच.

रेडिएशनचं सोडा. सारवणाने धूळ उडत नाही, जमीन पायाला बरी लागते, तेवढं पुरे की.

आणि ते नोबेल नाही. बुर्किना फासोच्या आर्किटेक्ट फ्रान्सिस केरे यांना २०२२ साली वास्तुकलेतला प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला. गांडो गावातल्या त्यांच्या शाळेच्या मातीच्या विटांत सिमेंट मिसळलेलं आहे, आणि वर पत्र्याचं छप्पर उचलून धरलंय, मधून गरम हवा निघून जावी म्हणून. त्यांनी गावची माती घेतली आणि तिच्यात काय कमी पडतं ते शोधून भरून काढलं. 'सिमेंट सोडलं' हे कुठून आलं?

दादा, माती वापर, आपल्या रानातला दगड वापर, मला आनंदच आहे. पण पट्टी घाल, माळवदाऐवजी हलकं छप्पर कर. आणि भिंत गुडघ्याएवढी झाली की फोन कर. मी येतो, आरपार दगड आपण दोघं मिळून मोजू.