जेवणाची वेळ नेमकी कोणी ठरवली?

‘दिवसातून तीन वेळा जेवावे’, ‘न्याहारी कधीही चुकवू नये’, ‘दोनदाच जेवणे हेच खरे आरोग्य’ असे सल्ले हल्ली इतक्या ठामपणे दिले जातात की जणू पोटाचे वेळापत्रक जन्मतःच लिहून आलेले असते. माझे मत असे की, आपण किती वेळा जेवतो हे प्रामुख्याने कामाच्या वेळांनी आणि उजेडाच्या सोयीने ठरवले आहे. आरोग्याची कारणे त्याला बहुतेक वेळा मागाहून जोडली गेली.

प्राचीन रोममध्ये दिवसाचे मुख्य जेवण एकच असे आणि सकाळ-दुपारचे खाणे अगदी जुजबी. मध्ययुगीन युरोपात तर सकाळी लवकर खाणे हे अधाशीपणाचे लक्षण मानले जाई. तेराव्या शतकातील धर्मचिंतक थॉमस अक्वायनस यांनी खादाडपणाचे जे प्रकार सांगितले, त्यांत वेळेआधी खाणे हाही एक होता. मुले, आजारी माणसे आणि अंगमेहनत करणारे यांना मात्र सवलत असे. आज ज्या न्याहारीची सक्ती केली जाते, तिच्याबद्दल एके काळी संकोच वाटत होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

इंग्लंडमधील मुख्य जेवणाचा प्रवास याहून बोलका आहे. सोळाव्या शतकात ते मध्यान्हाच्या सुमारास होई. पुढे सुखवस्तू घरांत ते सरकत सरकत अठराव्या शतकाच्या अखेरीस दुपारी चार-पाचवर आणि एकोणिसाव्या शतकात संध्याकाळी सात-आठवर गेले, कारण कृत्रिम उजेड परवडू लागला आणि कचेऱ्या व कारखाने घरापासून दूर गेले. मधल्या लांबलचक पोकळीत दुपारचे हलके जेवण येऊन बसले. कामगाराला भोंग्याप्रमाणे खावे लागे, त्यामुळे त्याच्या भुकेला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. स्पेनमध्ये 1940 साली देशाची घड्याळे एक तास पुढे केली गेली आणि ती पुन्हा मागे आणलीच नाहीत. तिथली जेवणे घड्याळात उशिरा दिसतात त्याचे एक कारण हेही आहे. (सूर्याला मात्र या निर्णयाची कोणी वर्दी दिली नाही.)

मग शरीराचे काही म्हणणे आहे की नाही? निश्चित आहे, मात्र ते जेवणांच्या संख्येपेक्षा त्यांच्या वेळेविषयी अधिक आहे. 1999 मध्ये शोध लागलेले घ्रेलिन हे भुकेचे संप्रेरक आपल्या नेहमीच्या जेवणाच्या वेळेआधी वाढते, म्हणजे ठरावीक वेळी लागणारी कडकडीत भूक बऱ्याच अंशी सवयीने घडवलेली असते. म्हणूनच सकाळी उठताच भूक लागणारा आणि दुपारपर्यंत अन्नाकडे न पाहणारा, असे दोघेही आपापल्या जागी खरे असू शकतात. ब्रिटनमधील बाथ विद्यापीठाच्या 2014 च्या प्रयोगात न्याहारी करणाऱ्या आणि न करणाऱ्या गटांच्या वजनात लक्षणीय फरक पडला नाही. न्याहारी करणाऱ्यांची सकाळची हालचाल मात्र अधिक आढळली.

याउलट रात्र मात्र शरीर ओळखते. मेंदूतील मुख्य घड्याळ उजेडावर चालते, तर यकृतासारख्या अवयवांची घड्याळे जेवणाच्या वेळांनाही जुमानतात, आणि तेच अन्न सकाळऐवजी रात्री खाल्ल्यास रक्तातील साखर सहसा अधिक वाढते. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 19 जणांना रात्रपाळीसारखे जागवण्यात आले. ज्यांनी रात्रीही खाल्ले त्यांची साखर सरासरी 6.4 टक्क्यांनी वाढली, पण ज्यांचे जेवण दिवसापुरतेच ठेवले त्यांच्यात लक्षणीय वाढ दिसली नाही. प्रयोग लहान आहे, त्यावरून सरसकट नियम काढू नये. तरी दिशा पुरेशी स्पष्ट आहे.

माझा आक्षेप इथेच आहे. ज्यांना आपल्या वेळा निवडता येतात, त्यांनाच जेवणाच्या वेळेचे सगळे उपदेश उपयोगी पडतात, आणि न पाळणाऱ्याला आळशी किंवा बेफिकीर ठरवले जाते. रात्री दोन वाजताच जेवणाची सुट्टी मिळणाऱ्या परिचारिकेला किंवा पहारेकऱ्याला ‘रात्री उशिरा खाऊ नका’ असे सांगण्यात काय अर्थ आहे? जेवणाची एक मोठी सुट्टी पाळी सुरू होण्याच्या सुमारास ठेवता येईल का, मध्यरात्री फक्त हलके काही घेऊन भागेल का, एकाच आठवड्यात दिवसपाळी आणि रात्रपाळी यांची अदलाबदल टाळता येईल का, हे प्रश्न पाळ्यांचे तक्ते आखणाऱ्यांना विचारायला हवेत.