रात्री तीन वाजता शेजारी कोण उभे असते

गेल्या आठवड्यात खानापूरहून आक्काचा फोन आला. तिची मुलगी एम.बी.बी.एस. आणि इंटर्नशिप पुरी करून आता आपत्कालीन वैद्यक या विषयात पुढे शिकू इच्छिते, आणि घरात रोज जेवणे आटोपली की त्यावरच चर्चा चालते. भावोजींचे म्हणणे असे की नीट-पीजीत सीट मिळाली तर घ्यावी, पण कॉलेज नावाजलेले हवे. तिच्या काकांच्या मते हा विषय पुण्या-मुंबईबाहेर घेण्यात अर्थ नाही. भाचीने अमेरिकेच्या परीक्षाही दिल्या आहेत आणि तिचा प्रश्न एवढाच आहे : “मामा, तीन वर्षांची रेसिडेन्सी धरू की चार वर्षांची?” रेसिडेन्सी म्हणजे रुग्णालयात काम करत घ्यायचे विशेषज्ञाचे शिक्षण. मी स्वतः अमेरिकेत ओहायोत गेली चौदा वर्षे याच विषयात काम करतो. बेळगाव, निपाणी, खानापूर भागातल्या अनेक घरांत हाच वाद चालू असणार, म्हणून माझे मत सविस्तर लिहीत आहे.

वर्षांचा प्रश्न आधी संपवतो. अमेरिकेत या विषयाची पहिली रेसिडेन्सी 1970 मध्ये सिनसिनाटीला सुरू झाली आणि 1979 मध्ये त्याला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता मिळाली. आजवर तिथे बहुतेक ठिकाणी हे शिक्षण तीन वर्षांचे आणि काही ठिकाणी चार वर्षांचे राहिले आहे. सर्वांनाच चार वर्षे सक्तीची करावीत, असा प्रस्ताव 2025 मध्ये पुढे आला. दोन्हींनंतर मिळणारे बोर्डाचे प्रमाणपत्र एकच असते, आणि शैक्षणिक कर्ज डोक्यावर असलेल्या घराला एक वर्ष कमी पगारावर काढणे जड जाते. माझ्या मते जिथे पहिली तीन वर्षे भक्कम आहेत तिथे चौथ्याची गरज पडत नाही, आणि जिथे ती पातळ आहेत तिथे चौथ्याने फारसे भरून निघत नाही.

मग पाहायचे काय? बेळगावात इंटर्न असतानाची एक पहाट मला या प्रश्नाचे उत्तर देते. खानापूर तालुक्यातल्या एका वाडीवरून दहा-अकरा वर्षांचा मुलगा आला. रात्री जमिनीवर झोपला होता, पहाटे पोटात दुखते म्हणून उठला. घरच्यांना वाटले, काहीतरी बाधले. अंगावर चाव्याची खूण कुठेच नव्हती, पण त्याच्या पापण्या खाली उतरू लागल्या होत्या. ड्यूटीवरच्या रेसिडेंट मॅडम धारवाडकडच्या, कन्नड बोलणाऱ्या. त्यांनी ओळखले की मण्यार चावली आहे. प्रतिविषाच्या बाटल्या सुरू करून त्यांनी त्याला मराठीत सांगितले, “एका श्वासात आकडे म्हण बघू.” तो चौदापर्यंत गेला. थोड्या वेळाने नऊपर्यंत, मग सहापर्यंत. त्या वेळी त्यांनी श्वासनलिकेत नळी घातली, श्वास देण्याची बॅग माझ्या हातात दिली आणि माझा हात बरोबर दाबतो आहे की नाही हे पाहत माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. मुलगा वाचला.

रेसिडेन्सी निवडायची ती या दोन गोष्टी पाहून : दारातून कोणते रुग्ण येतात, आणि रात्री तीन वाजता शेजारी शिकवणारा माणूस उभा असतो की फोनवर असतो. अमेरिकेत 35 श्वासनलिका-नळ्या, 10 छातीतल्या नळ्या, 10 प्रसूती असे किमान आकडे प्रत्येक रेसिडेंटला पुरे करावे लागतात आणि त्यांची नोंद ठेवली जाते. आपत्कालीन विभागात आठवड्याला 60 तासांहून अधिक वेळ रुग्ण पाहायला लावता येत नाही. रुग्ण दगावला तर त्याच पाळीत सर्वांना एकत्र बसवून काय चुकले यावर बोलण्याची पद्धत मी इथेच शिकलो, आणि तिचे मोल मला फार वाटते. भारतातही 1992 पासून रेसिडेंटच्या कामाचे तास ठरवून दिलेले आहेत, पण ते पाळले जात नाहीत हे कोणत्याही रेसिडेंटला विचारा.

तरीही एक गोष्ट मला भाचीपासून लपवता येणार नाही. इतक्या वर्षांत ओहायोत मी मण्यारीचा एकही रुग्ण पाहिलेला नाही, आणि कीटकनाशक प्यायलेला शेतकरी तर क्वचितच. तिला शेवटी खानापूरला परतून काम करायचे असेल, तर जिथे हे रुग्ण रोज येतात तिथेच शिकणे तिच्या हिताचे आहे, मग त्या कॉलेजचे नाव काकांनी ऐकलेले असो वा नसो. भारतात या विषयाला 2009 मध्ये मान्यता मिळाली, एम.डी. आणि डी.एन.बी. हे दोन्ही मार्ग तीन वर्षांचे आहेत. मात्र खासगी रुग्णालयांतले याच विषयाचे एम.ई.एम. नावाचे अभ्यासक्रम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मान्यताप्राप्त पदव्यांत बसत नाहीत, हे फी भरण्यापूर्वी भावोजींनी जरूर ध्यानात घ्यावे. आणि ती अमेरिकेच्या मॅचमध्ये, म्हणजे उमेदवार आणि रुग्णालये यांच्या पसंतीच्या याद्या जुळवून रेसिडेन्सीच्या जागा वाटण्याच्या पद्धतीत, उतरलीच, तर ‘आपल्याला कोण घेईल’ याचा अंदाज बांधून यादी लावू नये. ती पद्धत उमेदवाराच्या पसंतीपासूनच सुरू होते, म्हणून खरोखर हवे तेच पहिले लिहावे. 2023 मध्ये या विषयाच्या 554 जागा मॅचमध्ये रिकाम्या राहिल्या होत्या. पुढच्या वर्षी 135. त्या आकड्यांवर भिस्त ठेवून घर विकायला निघू नये.

भाषेबद्दलही लिहिलेच पाहिजे. इथे नेपाळी बोलणारी आजी छातीत दुखते म्हणून येते, तेव्हा दुभाषा फोनवर जोडून द्यावा लागतो. कायद्याने रुग्णालयावर तसे बंधन आहे. पण “कसं दुखतंय?” याचे उत्तर तिच्याकडून माझ्यापर्यंत पोहोचेस्तोवर जो वेळ जातो, तो मला प्रत्येक वेळी बोचतो. सीमाभागातल्या मराठी माणसाचा हक्क माझ्या घरातला विषय आहे. 1956 पासूनचे दुःख मी आजोबांकडून ऐकत वाढलो. महाराष्ट्र दावा सांगतो त्या कर्नाटकातल्या 865 गावांना महाराष्ट्राची आरोग्य योजना मिळावी की नाही, यावर दोन्ही राज्ये भांडली तेव्हा मी येथून एकेक बातमी वाचत होतो. त्याच हक्काचा सर्वांत निकडीचा भाग म्हणजे, कॅज्युअल्टीत आलेल्या मुलाला ‘आकडे म्हण’ असे त्याच्या भाषेत सांगणारे कोणी असणे. ते काम त्या दिवशी एका कन्नड डॉक्टरने केले. भाचीला मराठी आणि कन्नड दोन्ही सफाईने येतात. ही तिची कमाई बेळगावात रोज उपयोगी पडेल, ओहायोत पडून राहील.

म्हणून मी तिला सांगितले आहे की कोणतीही यादी भरण्यापूर्वी, परवानगी काढून, दोन-तीन विभागांत एकेक रात्र बसून यावे. नळी आपत्कालीनचा रेसिडेंट घालतो की भूलतज्ज्ञाला बोलावून स्वतः बाजूला उभा राहतो, मध्यरात्रीनंतर वरिष्ठ खोलीत किती वेळा येतात, आणि चुकलेल्या रेसिडेंटशी ते कसे बोलतात, हे वहीत लिहून आणावे. ती म्हणाली, “मामा, ऊसतोड सुरू झाली की जाते. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे अपघात तेव्हाच येतात ना?”