ब्लॅक मेटल कानाने ओळखावं

ब्लॅक मेटल या हेवी मेटलच्या प्रकारावर कुणीही लिहायला बसलं की पहिल्या परिच्छेदात चर्च जळतं, दुसऱ्यात खून होतो, तिसऱ्यात काळ्या-पांढऱ्या रंगाने माखलेले चेहरे येतात आणि लेख संपतो. गिटार कशी वाजते याबद्दल एक ओळही नसते. मी हे संगीत कॉलेजपासून मनापासून ऐकत आलोय, आणि मला याचा खरंच त्रास होतो. म्हणून आज गिटारपासूनच सुरुवात करतो.

माझं म्हणणं असं की ब्लॅक मेटलची व्याख्या कानाने करता येते आणि कानानेच करायला हवी. सैतान काढा, चेहऱ्यावरचा रंग पुसा, खिळ्यांचे पट्टे उतरवा, बर्फातले फोटो फेका. ब्लॅक मेटल तरीही उरतं. गिटारचा तो विशिष्ट आवाज काढला तर मात्र काही उरत नाही.

तो आवाज कसा तयार होतो? हेवी मेटल किंवा थ्रॅश या त्याच्या वेगवान प्रकारात गिटारवादक बहुतेक वेळ पॉवर कॉर्ड वाजवतो (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर). म्हणजे सा आणि प, फार तर वरचा सा. मधे गंधार नाही, त्यामुळे ती कॉर्ड धड उदासही नाही आणि धड प्रसन्नही नाही. तिच्यात असते ती ताकद. शिवाय उजव्या तळव्याची कड ब्रिजजवळ, म्हणजे गिटारच्या खालच्या टोकाला, तारांवर टेकवलेली असते, म्हणून आवाज घट्ट आणि तुटक येतो. पाम म्यूटिंग म्हणतात ते हेच. नॉर्वेतल्या काही पोरांनी १९९०-९१च्या सुमाराला या दोन्ही गोष्टी सोडून दिल्या. तळवा उचलला, तारा मोकळ्या वाजू दिल्या आणि कॉर्डमध्ये कोमल गंधार परत आणला. मग ही सा-कोमल ग-प अशी पूर्ण मायनर कॉर्ड पिकने वर-खाली इतक्या वेगाने छेडायची की सुटे आघात ऐकू येऊ नयेत. डिस्टॉर्शन चढवलेल्या, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणाऱ्या अँपमधून तिसरा स्वर गेला की स्वर एकमेकांवर घासतात आणि कॉर्डमध्ये नसलेले स्वरही त्यातून उमटायला लागतात. थ्रॅशवाले हे टाळतात, कारण त्याने रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी धून, गढूळ होते. या पोरांना नेमकी ती गढूळता हवी होती.

आणि चाल? एका मायनर कॉर्डवरून दुसऱ्या मायनर कॉर्डवर, अनेकदा अर्ध्या सुराच्या अंतराने, दोन्ही एकाच स्केलमध्ये बसतात की नाही याची पर्वा न करता. त्यामुळे घरी परत आल्याची भावना मिळतच नाही. गाणं सुरू होतं तेव्हा आपण अधांतरी असतो आणि संपतं तेव्हाही.

खाली ड्रमवर ब्लास्ट बीट. किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि स्नेअर (काठीने वाजणारा छोटा) आलटून पालटून, वर सिंबल, सगळं एकसारखं, मिनिटांमागून मिनिटं. नवीन माणसाला हा नुसता गोंगाट वाटतो, कारण तो वेग मोजायला जातो. पण थोडा वेळ थांबलं की मजा कळते: आघात प्रचंड वेगाने पडतायत, पण खालची कॉर्ड मात्र सावकाश बदलतेय. आपलं लक्ष हळूहळू आघातांवरून सुटतं आणि त्या संथ चालीला चिकटतं. तानपुऱ्याच्या तारा कुणी किती वेळा छेडल्या हे जसं आपण मोजत नाही, त्यातून उभा राहिलेला एक सलग स्वर ऐकतो, तसं इथे होतं. म्हणून इतकं वेगवान संगीत ऐकूनही अंगात नाचण्याची ऊर्मी येत नाही. येते ती स्थिरता. गार, मोठ्या, रिकाम्या जागेत उभं असल्याची स्थिरता.

नाव आलं इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या व्हेनम या बँडच्या १९८२च्या ‘ब्लॅक मेटल’ या अल्बममुळे. पण व्हेनम वाजवायचे ते मोटरहेडच्या वळणाचं, बिअरचा वास येणारं धसमुसळं रॉकच. नाव त्यांचं, आवाज दुसऱ्याचा. आवाजाचा उगम माझ्या मते स्टॉकहोममध्ये आहे. तिथे क्वोर्थन नावाच्या मुलाने बाथोरी हा बँड उभा केला आणि १९८४चा पहिला अल्बम गॅरेजचा स्टुडिओ केलेल्या जागेत रेकॉर्ड केला. १९८७चा ‘अंडर द साइन ऑफ द ब्लॅक मार्क’ ऐका. सगळं साहित्य तिथे हजर आहे: प्रतिध्वनीत बुडालेली गिटार, किंचाळणारा आवाज, एकसुरी ड्रम. नॉर्वेच्या डार्कथ्रोन या बँडचा ड्रमर फेन्रिझ मुलाखतींमध्ये हे उघडपणे मान्य करत आलाय. आणि बाथोरीपासून निघालेली ती मोकळ्या तारांची रिफ पक्की कुणी केली याचं श्रेय तो दोघांना देतो: मेहेम या नॉर्वेच्याच बँडचा गिटारवादक युरोनिमस आणि थॉर्न्स या बँडचा स्नोरे रूक. थॉर्न्सची १९९१ची ‘ग्रिमिर्क’ ही टेप म्हणजे नुसती गिटार आणि बास. ड्रम नाहीत, गायन नाही. कॅसेटवरून कॅसेटवर कॉपी होत ती फिरली. एका अख्ख्या संगीतप्रकाराचा कच्चा आराखडा त्या टेपमध्ये आहे, आणि त्यात सैतानाचं नाव घ्यायला गायकच नाही! माझ्या व्याख्येसाठी याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

डार्कथ्रोनची गोष्ट सांगायलाच हवी. १९९१चा त्यांचा पहिला अल्बम डेथ मेटल या शेजारच्या, जास्त जड प्रकारातला होता, स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत केलेला, तेव्हाच्या फॅशनप्रमाणे जाडजूड आवाजाचा. पुढच्या वर्षी निघालेला ‘अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय’ त्यांनी पाठवला तेव्हा त्यांची इंग्लिश रेकॉर्ड कंपनी पीसव्हिल चपापली. त्यांना डेथ मेटल हवं होतं. बँड अडून बसला: आहे तसा काढा, नाहीतर युरोनिमसच्या लेबलवरून काढतो. कंपनी नमली. विशीच्या आसपासची पोरं होती ही. चांगलं वाजवता येत असूनही त्यांनी आवाज मुद्दाम पातळ आणि कर्कश केला, कारण त्यांच्या डोक्यात जे चित्र होतं ते जाड आवाजात मावत नव्हतं.

इथे एक गैरसमज हमखास होतो. लोक म्हणतात, ब्लॅक मेटल म्हणजे वाईट रेकॉर्डिंग. हे अर्धं खरं आहे. ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ (१९९४) फेन्रिझने चार ट्रॅकच्या घरगुती रेकॉर्डरवर एकट्याने सगळी वाद्यं वाजवून केला, गळा तेवढा त्याचा सोबती नॉक्टर्नो कुल्टोचा. पण त्याच वर्षी आलेला मेहेमचा ‘दे मिस्टेरीस डॉम सथानास’ रेकॉर्ड झाला बर्गेनच्या ग्रीगहालेनमध्ये. एडवर्ड ग्रीगच्या नावाचं ते सभागृह, बर्गेन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राचं घर! पिटेन या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या ध्वनिमुद्रकाने तिथल्या प्रचंड जागेचा गुंजारव ड्रममध्ये उतरवला. एम्परर या नॉर्वेच्या बँडचा ‘इन द नाइटसाइड एक्लिप्स’सुद्धा तिथलाच, कीबोर्डच्या थरांनी भरगच्च. मग गॅरेज, घरचा रेकॉर्डर आणि सिंफनीचं सभागृह या तिन्हींत समान काय? अंतर. डेथ मेटलमध्ये गिटार तुमच्या छातीवर बसते. ब्लॅक मेटलमध्ये ती कुठून तरी लांबून येते, वाऱ्यावरून, आणि तुम्हाला तिच्या दिशेने कान द्यावा लागतो. खराब माइक हा ते अंतर निर्माण करण्याचा एक मार्ग, मोठं सभागृह हा दुसरा.

गळ्याबद्दलही तेच. डेथ मेटलचा गायक पोटातून गुरगुरतो, ब्लॅक मेटलचा वरच्या पट्टीत किंचाळतो. पण हा नियम पाळायलाच हवा असं नाही. मेहेमच्या त्याच अल्बमवर हंगेरीचा आटिला चिहार मंत्र पुटपुटल्यासारखं, कधी घोगऱ्या ऑपेरासारखं गातो. तेव्हा बऱ्याच जणांना ते पटलं नव्हतं. आज त्याच्याशिवाय तो अल्बम कल्पनेतही येत नाही.

आता सैतान. युरोनिमसचं मत ठाम होतं: गीतं सैतानवादी असतील तर ब्लॅक मेटल, मग संगीत कसंही असो. मी हे मत गांभीर्याने घेतो, कारण त्याच्याशिवाय हा प्रकार उभा राहिला नसता. पण त्याच्याच वर्तुळात, त्याच्या हयातीत आणि त्यानंतरही, ते मोडत गेलं. बर्गेनचा इम्मॉर्टल हा बँड ब्लाशिर्ख नावाच्या स्वतः कल्पिलेल्या बर्फाळ राज्याबद्दल गात होता. एन्स्लेव्हड नॉर्स पुराणकथांकडे वळले. उल्व्हरच्या ‘बर्गटाट’मध्ये (१९९५) डोंगरातल्या ट्रोल नावाच्या राक्षसांनी भुलवून नेलेल्या मुलीची लोककथा आहे, मधे अकूस्टिक गिटार, स्वच्छ गळ्याने म्हटलेली गाणी, आणि मग अचानक वादळ. यांतल्या कशालाही ब्लॅक मेटल नाही म्हणायची कुणाची हिंमत नाही.

सगळ्यात टोकाचं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. १९९४ साली होर्ड या एकट्या माणसाच्या प्रकल्पाने ‘हेलिग उस्वार्ट’ काढला. आवाज शंभर टक्के नॉर्वेचा, शब्द कट्टर ख्रिस्ती. रेकॉर्ड कंपनीला धमक्या गेल्या. त्या धमक्या काय सांगतात? नुसतं ऐकून फरक कळत नव्हता हेच. शब्द न समजणाऱ्या माणसाला हा अल्बम आणि त्या वर्षीचे नॉर्वेचे चार अल्बम ऐकवा. तो पाचही एकाच कप्प्यात ठेवेल. मीही ठेवतो.

गुन्ह्यांबद्दल मला बोलायचं आहे, फक्त शेवटी, आणि कौतुकाचा सूर न लावता. ६ जून १९९२ला बर्गेनजवळचं फांटोफ्टचं लाकडी चर्च जळालं. बाराव्या शतकात बांधलेलं ते चर्च १८८३ साली हलवून तिथे आणलं होतं. ज्या प्राचीन नॉर्वेची ही मुलं गाणी गात होती, त्या नॉर्वेच्या सुतारांनी ते घडवलं होतं. त्याच ऑगस्टमध्ये लिलेहॅमरमध्ये एम्पररच्या ड्रमरने एका समलिंगी माणसाला भोसकून मारलं. पुढच्या वर्षी, १० ऑगस्ट १९९३ला, बर्झम हा एकट्याचा प्रकल्प चालवणाऱ्या व्हार्ग विकर्नेसने युरोनिमसचा खून केला. मेहेमच्या त्या अल्बमवर मारणारा बास वाजवतोय आणि मेलेला गिटार. युरोनिमसच्या आईवडिलांनी बास काढून टाकण्याची विनंती केली होती, तरी तो तसाच राहिला. हे समजल्यापासून मला तो अल्बम पूर्वीसारखा ऐकता येत नाही, आणि येऊही नये असं वाटतं. ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’च्या पहिल्या आवृत्तीच्या कव्हरवर तर ‘आर्य ब्लॅक मेटल’ असं छापलं होतं. विरोध झाल्यावर ते निघालं. विकर्नेसच्या वंशद्वेषी लिखाणामुळे मी त्याच्या नावावर एक पैसाही खर्च करत नाही. पण या माणसांच्या कृत्यांनाच संगीताची व्याख्या बनवणं म्हणजे त्यांना हवं तेच देणं. त्यांनाही हेच वाटत होतं की आपले गुन्हे म्हणजेच ब्लॅक मेटल.

व्याख्या कानाची असली की हे संगीत त्यांच्या तावडीतून सुटतं, आणि तसं ते सुटलंही. अथेन्सच्या रॉटिंग क्राइस्टने १९९३च्या ‘दाय माइटी कॉन्ट्रॅक्ट’मध्ये त्याला ऊब दिली, तिथे गिटार पुन्हा थोडी दाबलेली, सुरावट हेवी मेटलची, अंधार भूमध्य सागराकडचा. प्रागच्या कल्ट ऑफ फायरने २०१३चा अल्बम कालीच्या उपासनेभोवती बांधला आणि त्याला चक्क देवनागरीत नाव दिलं: ‘मृत्यु का तापसी अनुध्यान’. अल्बम उत्तम आहे, नुसती सजावट म्हणून भारत वापरलाय असं मला वाटलं नाही. आपल्याकडे मुंबईत २००० साली सुरू झालेल्या डिमॉनिक रिझरेक्शनने कीबोर्डवालं, डेथ मेटलकडे झुकणारं ब्लॅक मेटल वाजवलं. ‘दशावतार’ हा त्यांचा २०१७चा अल्बम नावाप्रमाणेच विष्णूच्या अवतारांवर आहे.

आणि डेफहेवन? सॅन फ्रान्सिस्कोच्या या बँडच्या गुलाबी कव्हरच्या ‘सनबेदर’वरून (२०१३) अजून भांडणं होतात. मला तो अल्बम फार आवडतो. पण कव्हर, केशरचना हे आक्षेप बाजूला ठेवून कानाने पाहिलं तर त्यातल्या रिफा वारंवार शुद्ध गंधारावर, मेजर कॉर्डवर येऊन उजळतात. घरी पोचतात. हत्यारं ब्लॅक मेटलची, पण मुक्काम दुसरा. म्हणून मी त्याला ब्लॅक मेटल म्हणत नाही, आणि यात त्याचा काही अपमान आहे असंही मानत नाही.

ज्यांना ऐकायचं आहे त्यांनी ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’पासून सुरुवात करू नये, तो सरावलेल्या कानाचा अल्बम आहे. आधी ‘बर्गटाट’ ऐका. मग ‘इन द नाइटसाइड एक्लिप्स’. मग बाथोरीकडे मागे जा. हेडफोन लावा, आवाज मध्यम ठेवा आणि पहिली दहा मिनिटं ड्रमकडे दुर्लक्ष करून फक्त कॉर्ड कधी बदलते तेवढंच धरून ठेवा.